स्वस्थ गुंतवणूक



बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. गुडघ्याचं निमित्त होतं, आणि खरं सांगायचं तर लिहावं असं काही सुचतही नव्हतं. आज जे लिहिते आहे तो विषय माझा नाही. मी मराठीची शिक्षिका. पस्तीस वर्षं संधी, समास आणि वृत्तं शिकवली. पैशांबद्दल मी बोलावं हे आमच्या घरातल्या काही मंडळींना हास्यास्पद वाटेल. हसा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

झालं असं की २०२५ च्या दिवाळीत धाकट्या भाचीचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २०१२ साली लागलेली. फराळाच्या चौकश्या झाल्या आणि मग एकदम म्हणाली, "मावशी, सोनं सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. माझ्याकडे एफडीचे आणि पीपीएफचे मिळून काही पैसे मोकळे होतायत. सगळे सोन्यात टाकू का?"

मी विचारलं, "सगळे?"

"हो गं. शेअर बाजाराचं काही खरं नाही, बँका व्याज देत नाहीत, जगात कुठे ना कुठे युद्ध चालूच आहे. निदान सोनं तरी..."

तिचं ते "सगळे" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगते.

आमचे हे सहकारी साखर कारखान्यात होते. २००५ साली निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेसहा लाख हातात आले. त्यांची पेन्शन अगदी तुटपुंजी, त्यामुळे हे साडेसहा लाख म्हणजेच त्यांचं म्हातारपण. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आदल्याच वर्षी, २००४ मध्ये सुरू झाली होती आणि नऊ टक्के व्याज देत होती. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पतसंस्था होती, ती बारा टक्के द्यायची. चेअरमन ओळखीचे, गावात मान असलेले, गणपतीच्या वर्गणीला पहिली पावती त्यांची. ह्यांनी सगळे साडेसहा लाख तिथे ठेवले. हो, "सगळे". त्यांच्या शब्दावर वन्संनीही आपले ऐंशी हजार ठेवले.

२००८ मध्ये एका सकाळी संस्थेच्या दाराला कुलूप होतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, कारण महाराष्ट्रात असं कुलूप न पाहिलेलं गाव विरळाच. खेटे, मोर्चे, प्रशासक, तारखा. सहा वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी मिळून नव्वद हजार परत आले. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो, हे आम्हाला कुलूप लागल्यावर कळलं. तोपर्यंत आम्ही "पासबुक आहे ना, मग झालं" याच समजुतीत होतो. आपले पैसे गेल्याचं ह्यांनी पचवलं असतं, कारण माझी पेन्शन होती, घर चालत होतं. पण वन्संच्या ऐंशी हजारांचं त्यांना फार लागलं. भाऊबीजेला त्यांच्याकडे जाणं त्यांनी बंद केलं. वन्सं कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच त्यांना सहन होत नसे. २०१४ मध्ये हे गेले.

मी नंतर कितीदा हिशोब केला आहे. नऊ आणि बारा यांत तीन टक्क्यांचा फरक. साडेसहा लाखांवर वर्षाला साडेएकोणीस हजार, महिन्याला सोळाशे रुपये. या सोळाशेसाठी एका शहाण्या माणसाने सगळं एका दारात नेऊन ठेवलं. आणि मी, त्याच घरातली शिकलेली बाई, "तुम्हाला कळतं त्यातलं" म्हणून गप्प बसले. म्हणून आता गप्प बसत नाही.

त्या कुलुपानंतर मी वाचायला लागले. सुरुवातीला वर्तमानपत्रांतलं शेवटून दुसरं पान, मग पुस्तकं, मग मुलाने शिकवल्यावर इंटरनेट. बऱ्याच गोष्टी डोक्यावरून गेल्या. पण एक गोष्ट मात्र लगेच कळली, कारण ती मला आधीपासून माहीत होती. ती मी माझ्या आजोळी पाहिली होती.

माझं आजोळ माणदेशातलं. पाऊस पडला तर पडला, अशी जमीन. आजोबांनी कधी शेतात एकच पीक घेतलं नाही. बाजरीच्या काही ओळी झाल्या की तुरीची एक ओळ. मध्येच मटकी, हुलगा. रब्बीत शाळू, आणि कडेने करडई. (करडईला काटे असतात, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. एका पिकाने दुसऱ्याची राखणही करायची!) पाऊस लवकर गेला तर बाजरी हाती लागायची, उशिरा आला तर तूर तग धरायची. सगळंच एकदम उत्तम आलं असं वर्ष मला आठवत नाही, आणि काहीच आलं नाही असंही सहसा घडलं नाही. आजोबांना "यंदा पाऊस कसा होईल?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते कळलं असतं तर चार बियाणी कशाला पेरली असती?"

गुंतवणूक विभागून ठेवण्यामागचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे असं माझं मत आहे. आपल्याला पुढचं कळत नाही, म्हणून विभागायचं. ज्याला खात्रीने कळतं त्याने खुशाल एकाच ठिकाणी ठेवावं. पण तसा माणूस मला पंच्याहत्तर वर्षांत भेटलेला नाही. "मला कळतं" म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले.

आता "पॅसिव्ह" या शब्दाबद्दल. मराठीत त्याला निष्क्रिय म्हणतात, आणि मला तो शब्द मुळीच आवडत नाही. निष्क्रिय म्हणजे आळशी, काही न करणारा. मी त्याला "स्वस्थ" गुंतवणूक म्हणते. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. सगळं आधी ठरवून, नीट लावून, मग उगाच चुळबुळ न करणारा. शब्द पटला तर घ्या, नाही तर इंडेक्स फंड म्हणा.

इंडेक्स फंड म्हणजे काय, ते मी वन्संना सांगितलं तसंच सांगते. शेअर बाजारातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांची एक यादी असते, निफ्टी ५० नावाची. इंडेक्स फंड त्या यादीतल्या सगळ्या कंपन्या, जिचा जेवढा आकार तेवढ्या प्रमाणात, विकत घेतो आणि बसतो. कुठली चांगली, कुठली वाईट हे ठरवायला तज्ज्ञ नेमत नाही. दर सहा महिन्यांनी यादी तपासली जाते, मागे पडलेल्या कंपन्या बाहेर जातात, पुढे आलेल्या आत येतात.

मला हे पटलं ते शिक्षिका म्हणून. पस्तीस वर्षांत मी दर जूनमध्ये मनातल्या मनात भाकीत करायची, हा मुलगा नाव काढणार, त्याचं काही खरं नाही. किती चुकले म्हणून सांगू! माझ्या लाडक्या पहिल्या बाकावरचे काही जण कुठे हरवले पत्ता नाही, आणि मागच्या बाकावर झोपणाऱ्या एकाने आज शंभर माणसांना काम दिलं आहे. रोज समोर बसणारी मुलं मला ओळखता आली नाहीत, तर ताळेबंदावरून कंपन्या काय ओळखणार? त्यापेक्षा अख्खा वर्ग घ्यावा. २००९ च्या जानेवारीत सत्यम कॉम्प्युटरच्या प्रमुखाने हिशोबात खोट असल्याची कबुली दिली आणि एका दिवसात तो शेअर कोसळला. ज्याच्याकडे फक्त सत्यम होता तो बुडाला. निफ्टीत सत्यम पन्नासांतला एक होता, आणि काही दिवसांतच यादीतून बाहेर गेला. २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेचंही तसंच झालं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड काढला. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले जेमतेम एक कोटी दहा लाखांच्या आसपास. लोकांनी त्याला "बोगलचा मूर्खपणा" म्हणून हिणवलं. सरासरीवर समाधान मानायला कोण तयार होणार? आज तोच प्रकार जगातल्या सगळ्यात मोठ्या फंडांत मोजला जातो.

त्याचं कारण साधं आहे, खर्च. तज्ज्ञाला पगार द्यावा लागतो, एजंटला दलाली, जाहिरातीला पैसे. हे सगळं आपल्याच पैशांतून जातं, दरवर्षी, बाजार चढो वा पडो. एक टक्का म्हटलं तर वाटतं, एक टक्का तर आहे! म्हणून गणित करून बघा. एक लाख रुपये पंचवीस वर्षं दहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे दहा लाख त्र्याऐंशी हजार होतात. नऊ टक्क्यांनी वाढले तर आठ लाख बासष्ट हजार. त्या "एक टक्क्या"ने दोन लाख एकवीस हजार खाल्ले, म्हणजे मूळ रकमेच्या दुपटीहून जास्त! दोन टक्क्यांच्या आसपास खर्च लावणारे फंड आहेत, आणि पाव टक्क्याहून कमी खर्चाचे इंडेक्स फंडही आहेत. बाजार काय देईल ते आपल्या हातात नाही. खर्च किती द्यायचा तेवढा मात्र आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग काय, सगळे इंडेक्स फंडात घालू! थांबा. पुन्हा तेच "सगळे".

१९७२ च्या दुष्काळात मी बीए होऊन नुकतीच घरी बसले होते. त्या वर्षी आजोबांच्या शेतात बाजरीही आली नाही, तूरही नाही आणि हुलगाही नाही. चार बियाणी पेरूनही चारही गेली. मामा खडी फोडायला गेले, घरात मिलोच्या भाकऱ्या आणि सुकडी. तेव्हा घर तगलं ते शेतावर नाही. आजीच्या पेवातली जुनी ज्वारी होती, तिच्या हातातल्या पाटल्या होत्या आणि रोजगार हमीसारखी सरकारी कामं होती. शेतातल्या शेतात पिकं विभागून भागत नाही. शेताबाहेरचंही काही लागतं.

बाजाराचं तसंच आहे. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स एकवीस हजारांना शिवून आला आणि २००९ च्या मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास होता. तेव्हा पन्नास कंपन्या असोत की पाचशे, सगळ्या एकदमच पडल्या. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा एकवीस हजारांवर गेला हे खरं, पण मधली दोन-पावणेतीन वर्षं ज्याला पैशांची गरज पडली त्याने काय करायचं? आणि दरवेळी दोन-तीन वर्षांतच सावरेल असंही नाही. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ३८,९१५ वर पोचला होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं! म्हणजे तेव्हा चाळिशीत असलेला माणूस पंचाहत्तरीला आला. आणि जपान म्हणजे काही ऐरागैरा देश नव्हे.

मग सोनं? भाचीला मी हेच सांगितलं. २०१२ मध्ये दहा ग्रॅम सोनं साधारण एकतीस हजार होतं, आणि २०१८ मध्येही जवळजवळ तेवढंच. सहा वर्षं ते जागचं हललं नाही, मध्ये तर खालीच गेलं. त्या सहा वर्षांत भाजी, शाळेची फी, औषधं सगळं वाढत होतं. आज सोनं चढलंय म्हणून सगळ्यांना त्याची आठवण झाली आहे. २०१५ मध्ये ते सव्वीस हजारांच्या आसपास होतं, तेव्हा असा फोन मला कुणीच केला नव्हता!

मग बँक? बँकेत मुद्दल राहतं, पण महागाई त्याला आतून पोखरते. बहात्तरला महागाईच्या दराने भागलं की पैशांची किंमत किती वर्षांत निम्मी होते ते ढोबळमानाने कळतं. सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षं. पीपीएफचं व्याज १९८६ पासून १९९९ पर्यंत बारा टक्के होतं, ते २०२० च्या एप्रिलपासून ७.१ वर आलं. व्याजावर जगणाऱ्यांना ही घसरण दरमहा भोगावी लागते. आणि बँकही बुडत नाही असं नाही. पीएमसी बँकेच्या खातेदारांना २०१९ च्या सप्टेंबरात सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. त्यानंतर, २०२० च्या फेब्रुवारीत ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली. ही मर्यादा एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून असते. म्हणून माझ्या ठेवी दोन बँकांत आहेत.

थोडक्यात, प्रत्येकाला कशाचं तरी भय आहे. शेअरला मंदीचं, ठेवीला महागाईचं, सोन्याला चांगल्या दिवसांचं. अमेरिकेतल्या हॅरी ब्राउन नावाच्या लेखकाने यावरून चार समान वाटे सुचवले होते: शेअर, दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे, सोनं आणि रोकड. चार वाटे चार ऋतूंसाठी. भरभराटीत शेअर चालतात, किमती घसरल्या की रोखे, महागाई भडकली की सोनं, आणि पैशांची टंचाई आली की रोकड. कुठला ऋतू येणार ते ओळखायचं नाही, चारही ऋतूंची सोय ठेवायची. मी त्यांचे आकडे जसेच्या तसे घेतले नाहीत, पण विचार घेतला. आजोबांना हा माणूस आवडला असता.

माझं स्वतःचं सांगते, लपवण्यासारखं काही नाही. माझी पेन्शन रोजच्या खर्चाला पुरते, आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळतो. हा एक मोठा रोखाच आहे माझ्या नावावरचा, तोही महागाईबरोबर वाढणारा. ती सोडून जे काही आहे त्याचे शंभर भाग धरले, तर तीस बँकेत, तीस ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, तीस इंडेक्स फंडात आणि दहा सोन्यात. सोनं म्हणजे गोल्ड ईटीएफ. सरकारी सुवर्णरोखे उत्तम होते, पण २०२४ च्या फेब्रुवारीनंतर सरकारने नवे काढलेच नाहीत. अंगावरचे दागिने मी यात मोजत नाही. त्यात घडणावळ जाते, घट जाते, आणि मंगळसूत्र काही कुणी भाव बघून विकत नाही.

आता बाजार चाळीस टक्के पडला असं धरा. माझ्या तिसांचे अठरा होतील. शंभरातले बारा गेले. वाईट वाटेल, पण झोप लागेल. हे "झोप लागेल का" असं विचारून पाहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाटे किती ते पुस्तकातून नाही ठरत, आपल्या झोपेवरून ठरतं.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, मी वही काढते. तिसांचे छत्तीस झाले असतील तर वरचे विकून जिथे कमी झालं आहे तिथे घालते. कमी झाले असतील तर ठेवींतून थोडे तिकडे. चढलेलं थोडं विकायचं, पडलेलं थोडं घ्यायचं, एवढंच. मन नेमकं उलटं सांगत असतं, म्हणून तारीख ठरवलेली बरी. (विकताना कर किती लागेल तेवढं आधी बघून घ्यायचं.)

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मी फार शहाणी आहे असं वाटायचं. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी बारा हजारांवरून साडेसात हजारांच्या आसपास आली. बाहेर टाळेबंदी, मुलगा लांब, घरात मी एकटी. मी रोज दुपारी आकडे बघत होते. एका दुपारी सगळं विकायचा अर्ज भरूनही ठेवला होता. पाठवला नाही, त्याचं कारण माझं धैर्य नव्हे. वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं, "पाडव्याशिवाय हात लावायचा नाही." स्वतःच्याच अक्षरातला नियम मोडायची लाज वाटली. (शिक्षिका ना!) त्याच वर्षी नोव्हेंबरात निफ्टी आधीच्या उच्चांकापलीकडे गेली. विकलं असतं तर मी ते पैसे पुन्हा कधीच घातले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा मंडळी, नियम शांत असताना लिहून ठेवा. भीती वाटायला लागली की अक्षर बदलतं.

घरातल्या तरुण मंडळींचं म्हणणं, हे फार संथ आहे. पुतण्याचा मुलगा मोबाइलवर ऑप्शन्स खेळतो. मी त्याला सेबीचा २०२४ चा अहवाल दाखवला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. म्हणाला, "आजी, मी उरलेल्या सातांत आहे." मी काही बोलले नाही. बारा टक्के घेणारेही प्रत्येकजण स्वतःला शहाणाच समजत होता.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, आणि तो भाचीनेच घेतला. ती म्हणाली, "मावशी, तुझं बरं आहे. तुला पेन्शन आहे. मला नाही." खरं आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आम्ही दोघी एकच काम केलेल्या, एकच खडू झिजवलेला, पण माझ्या म्हातारपणाची जोखीम सरकारने घेतली आणि तिच्या म्हातारपणाची तिच्यावर टाकली. २०२३ च्या मार्चमध्ये ती संपावर गेली तेव्हा इथल्या काही जणांनी नाकं मुरडली होती. मी नाही मुरडली. इंडेक्स फंड म्हणजे पेन्शनला पर्याय असं कुणी मला सांगितलं तर मी ते मान्य करणार नाही. ज्याच्याकडे महिनाअखेरीला शंभर रुपये उरत नाहीत त्याला "विभागून ठेव" म्हणणं हा तर क्रूर विनोद आहे. या लेखातलं काहीही त्याच्या कामाचं नाही, आणि त्याची काळजी समाजानेच घ्यायला हवी.

पण व्यवस्था बदलेपर्यंत भाचीने काय करायचं? तिला मी जे सांगितलं ते असं: आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, दोन ठिकाणी. आरोग्य विमा आधी, गुंतवणूक नंतर. मग बाकीच्या शंभरांतले पन्नास निर्देशांकात, दरमहा थोडे थोडे. तीस पीपीएफमध्ये. दहा सोन्यात, दहा ठेवीत. तिला म्हटलं, बाजार निम्मा झाला तर तुझ्या शंभराचे पंचाहत्तर होतील, बघवतील का? ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बहुतेक." मी म्हटलं, "मग चाळीसच घाल." बघवेल त्यापेक्षा थोडं कमीच घ्यावं, कारण खरी पडझड बघणं हे ऐकण्यापेक्षा फार अवघड असतं.

आणि प्रत्येक ठिकाणी नॉमिनीचं नाव, आणि सगळं एका वहीत. ह्यांच्या मागे कपाटात मला चार पासबुकं सापडली, त्यांतली दोन मला माहीतच नव्हती. माझ्यामागे मुलाला कपाट उपसावं लागू नये.

यात कुणी श्रीमंत होणार नाही. आजोबाही झाले नाहीत. पण त्यांच्या घरातून उपाशी कुणी उठलं नाही आणि त्यांच्यामुळे कुणाचं बुडालं नाही. एवढी मिळकत मला पुरेशी वाटते.

हो, एक राहिलंच. वन्संचे ऐंशी हजार. इंडेक्स फंडाचे माझे पहिले काही पैसे वाढले, तेव्हा एका पाडव्याला मी त्यातून ऐंशी हजार काढले आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, त्यांच्या घरी गेले. त्या घेईनात. म्हटलं, "वन्सं, हे माझे नाहीत. ह्यांची राहिलेली ओवाळणी आहे." तेव्हा घेतले. घेतले आणि मलाच म्हणाल्या, "आता हे कुठं ठेवू?"

म्हटलं, "चार ठिकाणी."

असो. गुडघा कुरकुरतो आहे, थांबते. पटलं नाही तर तसंही सांगा, मला वाद घालायला आवडतं.